.२२ टार्गेट पिस्तुलात घरी कोणते बदल करावेत आणि कोठे थांबावे?

प्रश्न: वेताळटेकडी (पुणे)

सर्व जाणकारांना नमस्कार. मी बालेवाडीच्या रेंजवर २५ मीटर स्टँडर्ड पिस्तूल प्रकाराचा (यात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका ठरावीक वेळेत झाडायच्या असतात) सराव करतो. आजवर क्लबच्या पिस्तुलावर भागवत होतो. आता परवान्यावरील नोंदीचे सर्व सोपस्कार पूर्ण होऊन स्वतःचे .२२ (इंच व्यासाच्या गोळीचे) पिस्तूल हाती आले आहे. ते वॉल्थर कंपनीचे जुने जीएसपी मॉडेल असून एका ज्येष्ठ नेमबाजांनी वर्षानुवर्षे जपून वापरलेले आहे. मात्र त्यांचा हात माझ्यापेक्षा बराच मोठा असल्यामुळे, आणि मधली काही वर्षे पिस्तूल नुसतेच कपाटात पडून राहिल्यामुळे, काही अडचणी जाणवत आहेत.

पहिली अडचण ग्रिपची, म्हणजे लाकडी मुठीची. डोळे मिटून हात उचलला आणि मग डोळे उघडले, तर फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची नेम धरण्याची पट्टी) दर वेळी रिअर साइटच्या (मागच्या नेमपट्टीच्या) खाचेत उजवीकडे सरकलेली आणि किंचित खाली गेलेली दिसते. दीडशे सेकंदांच्या मालिकेत मनगट वळवून ती जागेवर आणता येते. दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात तेव्हा तेवढी सवड मिळत नाही. दुसरी अडचण अशी, की दोन्ही साइट घासून चकाकू लागल्या आहेत आणि दुपारच्या उन्हात त्यांच्या कडा नीट दिसत नाहीत. तिसरी, ट्रिगरचा दुसरा टप्पा (पहिली ओढ संपल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा) खरखरीत लागतो. चौथी, अधूनमधून रिकामे काडतूस बाहेर न पडता अडकून बसते.

इंटरनेटवरील व्हिडिओंत लोक स्प्रिंग कापतात, सिअर (गोळी झाडणारी यंत्रणा ट्रिगर ओढेपर्यंत अडवून धरणारा पोलादी भाग) घासतात, नळीच्या टोकाला वजने लावतात आणि हे सर्व अगदी सहज करून दाखवतात. माझ्याकडे बऱ्यापैकी अवजारे आहेत आणि लाकडाचे काम मला जमते. यांपैकी काय घरी करावे, काय करू नये आणि सुरुवात कोठून करावी, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त सुभेदार

आपण अडचणी ज्या क्रमाने लिहिल्या आहेत, तोच क्रम कामालाही ठेवा. सैन्यात आर्मरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून मी जी टार्गेट पिस्तुले हाताळली, त्यांपैकी बहुतेकांच्या तक्रारी ट्रिगरच्या नावाने येत आणि निघत ग्रिपच्या. हात मुठीत नीट बसलेला नसेल तर बोट ट्रिगरवर सरळ मागे येत नाही, आणि नेमबाजाला वाटते की ट्रिगर बिघडला आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी मॅगझिन काढा, बोल्ट (नळीच्या मागे पुढे-मागे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. त्यानंतर ग्रिप पिस्तुलावरून पूर्ण उतरवा. लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेला तर आज खरखर आहे, उद्या ट्रिगर अडकेल.

ग्रिप कोठे टोचते आणि कोठे पोकळ राहते, हे नुसते पकडून समजत नाही. त्यासाठी तळहाताला अगदी पातळ लिपस्टिक लावा, रोजच्या सवयीने ग्रिप पकडा, तसाच थोडा वेळ थांबा आणि मग हात सोडवून ग्रिपवर कोठे रंग उमटला ते पाहा. जेथे रंग गडद आणि दाबलेला दिसेल तेथे लाकूड जास्त आहे. जेथे अजिबात उमटलेला नाही तेथे हाताला आधार नाही. मात्र लगेच कानस हाती घेऊ नका. आधी भर घालून पाहा, कारण काढलेले लाकूड परत येत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कापडी चिकटपट्टीचे थर ग्रिपवर लावून रेंजवर सराव करा. पट्टी एका जागेवरून काढून दुसऱ्या जागेवर लावता येते आणि प्रत्येक थराचा परिणाम साइटच्या चित्रात लगेच दिसतो.

आपल्या वर्णनावरून दोन गोष्टींचा अंदाज बांधता येतो. आपण उजव्या हाताने नेमबाजी करत असाल आणि फ्रंट साइट उजवीकडे दिसत असेल, तर तळहाताकडचा फुगवटा आपल्या हाताला जाड होत असावा. तो मुठीचा मागचा भाग डावीकडे ढकलतो आणि नळीचे टोक उजवीकडे वळते. मोठ्या हातासाठी घडवलेल्या ग्रिपमध्ये हे हमखास आढळते. साइट खाली राहते याचा उपाय मुठीच्या मागच्या बाजूला, खालच्या भागात आहे. तेथे, म्हणजे मनगटाजवळच्या गादीखाली, थोडी भर घातली की मुठीचे बूड पुढे जाते आणि नळीचे टोक वर येते. दोन्ही बदल एकदम करू नका. एक करा, पुरेशा गोळ्या झाडून पाहा, मग दुसऱ्याकडे वळा.

पट्टीने जागा निश्चित झाल्या की पक्के काम करावे. भर घालण्यासाठी लाकडाची पुटी चालते. पण मला एम-सील अधिक भरवशाचे वाटते, कारण ते घामाने सुटत नाही आणि वाळल्यावर कानशीने व पॉलिश पेपरने हवे तसे घासता येते. जेथे ते लावायचे तेथील वार्निश आधी खरवडून काढा, नाहीतर काही दिवसांत आख्खा पापुद्रा निघून येईल. हातात पातळ रबरी मोजा घालून त्यावर व्हॅसलिनचे बोट फिरवा, ओल्या थरावर नेहमीसारखी पकड घ्या आणि हात अलगद सोडवा. ठसा उमटेल. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी घासताना नाकातोंडाला मास्क लावा, कारण त्याची धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

आणखी एक जागा लोक हमखास विसरतात. ट्रिगरचे बोट ग्रिपच्या लाकडाला कोठेही टेकता कामा नये. ते टेकत असेल तर ट्रिगर ओढताना बोट लाकडालाही ढकलते आणि गोळी बाजूला जाते. त्या बाजूचे लाकूड बोटाखाली कागद सहज सरकेल इतपत काढा. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. वार्निश नको, घामाने ते निसरडे होते.

उत्तर: कलम पाच (मुंबई)

सुभेदारसाहेबांनी ग्रिपबद्दल लिहिले ते कोणत्याही नेमबाजाने निःशंक करावे. मी मात्र प्रश्नातील व्हिडिओंबद्दल लिहितो. ते व्हिडिओ बहुतांशी अमेरिकेत बनलेले असतात आणि तेथील कायदा वेगळा आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे आणि त्यातील कलम ५ मध्ये शस्त्रांच्या निर्मिती व विक्रीच्या बरोबरीने त्यांचे रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी यांसाठीही वेगळा परवाना लागतो, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याजवळ जो परवाना आहे तो शस्त्र बाळगण्याचा आहे. शस्त्र दुरुस्त करण्याचा परवाना गन्समिथकडे असतो. कलम ५ च्या उल्लंघनाला कलम २५ खाली किमान सात वर्षांची शिक्षा असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. घरी बसून सिअर घासणाऱ्यावर उद्याच खटला भरला जाईल, असे माझे म्हणणे नाही. पण काही अपघात घडला आणि पिस्तूल तपासणीला गेले, तर आत कोणी हात घातला हा प्रश्न पहिला विचारला जाईल.

दुसरे, सुट्या भागांबद्दल. या कायद्यातील अग्निशस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सळई) किंवा नळी मागवून टपालाने घरी आणणे हा घड्याळाचा पट्टा मागवण्यासारखा व्यवहार नाही. आयातीसाठीही परवाना लागतो. आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडणी तर व्याख्येत नाव घेऊनच अग्निशस्त्र ठरवलेली आहे, तेव्हा नळीच्या टोकाला लावायच्या असल्या कोणत्याही नळकांड्याचा विचार मनात आणू नये. नळी आखूड करण्याबाबत कलम ६ स्वतंत्रपणे आहे.

तिसरी बाब लहान आहे, पण जुने पिस्तूल नवे दिसावे म्हणून धडपडणाऱ्यांना लागू पडते. कलम ८ नुसार शस्त्रावरील क्रमांक किंवा ओळखखूण पुसणे अथवा बदलणे हा गुन्हा आहे. पृष्ठभागाचा काळा मुलामा गेला म्हणून पॉलिश पेपर चालवताना क्रमांक पुसट झाला, तर हेतू चांगला होता हे सांगत बसावे लागते. मुलामा तसाच राहू द्या, तेलाचे पुसणे पुरे.

माझ्या मते रेषा अशी आहे: जे लाकडाचे आहे, जे बाहेरून स्क्रूने बसते, आणि ज्याचे समायोजन उत्पादकाने वापरणाऱ्यासाठीच पुस्तिकेत दिले आहे, ते आपले. गोळी झाडणाऱ्या यंत्रणेचे पोलाद घासणे, कापणे किंवा बदलणे हे परवानाधारक गन्समिथचे. त्याच्याकडून काम करून घेतले तर पावती जपून ठेवावी.

उत्तर: पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

साइटबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो.

चकाकणाऱ्या साइटचा उपाय आपल्या देवघरातच आहे. कापराची वडी पेटवली की तिचा जो काळा, मखमली धूर निघतो, त्यावर साइट क्षणभर धरली की तिच्यावर काजळीचा असा थर बसतो, की उन्हात त्याची बरोबरी बाजारातला कोणताही रंग करू शकत नाही. शक्य असेल तर साइट पिस्तुलावरून काढूनच काजळी धरावी. काढता येत नसेल तर पिस्तूल रिकामे, तेल पुसलेले आणि काडतुसे दूर असावीत. ज्योत साइटला लागू देऊ नये, नुसता धूर लागला पाहिजे. आधी साइटवरचा तेलाचा अंश पुसून टाकावा, नाहीतर काजळी पकड घेत नाही. हा थर बोट लागताच जातो, म्हणून स्पर्धेच्या दिवशी पेटीतून काढताना जपावे. कायमचा उपाय हवा असेल तर मॅट काळा रंग पातळ मारता येतो; पण जाड थराने खाच अरुंद होते आणि फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंचा प्रकाश कमी होतो.

हा प्रकाश किती असावा, यावर नेमबाज तासन्‌तास वाद घालतात. माझा अनुभव असा की संथ गोळीबारात आवडणारी अरुंद खाच दहा सेकंदांच्या मालिकेत डोळ्याला त्रास देते, कारण साइट मध्यभागी आहे की नाही हे ठरवायला वेळ लागतो. स्टँडर्ड पिस्तूल प्रकारात एकाच पिस्तुलाने १५०, २० आणि १० सेकंदांच्या मालिका झाडायच्या असतात, तेव्हा मी खाच थोडी रुंदच ठेवीन. एक हिशेब लक्षात ठेवला तर साइटबद्दलचा बराच गोंधळ मिटतो: २५ मीटरच्या पिस्तुलात दोन साइटमधील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते, म्हणून साइटच्या चित्रात मिलिमीटरचा दहावा भाग चुकला की लक्ष्यावर गोळी ११ मिलिमीटरहून थोडी अधिक सरकते. प्रिसिजन लक्ष्यावर (स्टँडर्ड पिस्तूल प्रकारात हेच असते) दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे आहे. म्हणजे साइटच्या रेखणीत पाव मिलिमीटर चूक झाली की दहा गेलाच. एवढे अंतर ट्रिगर हलका करून भरून निघत नाही.

ग्रिपबद्दल सुभेदारसाहेबांचे सर्व मान्य. फक्त नियमावलीची आठवण करून देतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २५ मीटरचे पिस्तूल सर्व जोडण्यांसह ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे आणि रिकाम्या मॅगझिनसह त्याचे वजन १४०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. लांबी-उंचीत कोणी अडत नाही. ५० मिलिमीटरच्या जाडीत मात्र हौशी ग्रिपवाले अडतात, कारण तळहाताच्या बाजूला पुटी चढवताना जाडी कधी वाढली ते कळत नाही. घरी पुठ्ठ्याची तेवढ्याच आतल्या मापाची पेटी करून ठेवा आणि प्रत्येक थरानंतर पिस्तूल त्यात घालून पाहा. तळहाताच्या टेकूचा (हाताच्या खालच्या कडेला आधार देणाऱ्या ग्रिपच्या फळीचा) मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नसावा, टेकू किंवा अंगठ्याची जागा वर वळलेली नसावी, अंगठा वर उचलायला मोकळा राहावा, ग्रिप हाताला वेढा घालणारी नसावी आणि मनगट पूर्ण मोकळे दिसावे. एवढे पाळले की इक्विपमेंट कंट्रोलच्या (स्पर्धेतील शस्त्रतपासणीच्या) टेबलावर कानस मागायची वेळ येत नाही.

वेताळटेकडी

सर्वांचे मनापासून आभार. लिपस्टिकचा प्रयोग आजच केला. घरात त्यावरून बरीच करमणूक झाली, पण निष्कर्ष अगदी सुभेदारसाहेबांनी लिहिल्याप्रमाणे निघाला: तळहाताच्या बाजूला गडद डाग आणि मनगटाजवळ खाली दोन बोटे रुंदीची कोरी जागा. पट्टी लावून पाहीन.

आता ट्रिगरबद्दल. सिअरला हात लावणार नाही, हे ठरले. परंतु पुस्तिकेत समायोजनाचे स्क्रू दाखवले आहेत आणि ते फिरवण्याचा मोह होत आहे. आधीच्या मालकांनी ट्रिगर नेमका किती ग्रॅमवर (म्हणजे किती वजनाच्या ओढीला सुटेल असा) ठेवला आहे, हे मला कळलेले नाही. घरी मोजण्याची काही विश्वसनीय पद्धत आहे का? आणि काडतूस अडकण्याचे कारण काय असावे?

उत्तर: निवृत्त सुभेदार

मोजण्यासाठी स्प्रिंगचा काटा वापरू नका. ओढण्याचा वेग बदलला की आकडा बदलतो. स्पर्धेत जसे मृत वजन (स्प्रिंगशिवाय नुसते टांगलेले वजन) वापरतात तसेच घरी करता येते. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, तिच्या गळ्याला मजबूत दोरी आणि दोरीला तारेचा आकडा बांधा. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर बाटली, दोरी, आकडा आणि पाणी मिळून बरोबर १००० ग्रॅम होईपर्यंत पाणी भरा. पिस्तूल रिकामे असल्याची पुन्हा खात्री करा, मॅगझिन बाहेर ठेवा, बोल्ट ओढून पिस्तूल कॉक करा, नळी सरळ छताकडे करून आकडा ट्रिगरच्या मध्यावर अडकवा आणि टेबलावर ठेवलेली बाटली अगदी सावकाश उचला. बाटली अधांतरी राहिली आणि ट्रिगर सुटला नाही, तर पिस्तूल पास. २५ मीटरच्या प्रकारांना किमान वजन १००० ग्रॅमच आहे. मी माझ्या नेमबाजांचा ट्रिगर नेहमी त्याहून तीस-चाळीस ग्रॅम वर ठेवत असे. उन्हातान्हात आणि शेकडो गोळ्यांनंतर ट्रिगर थोडा इकडेतिकडे होतो, आणि चाचणीत नापास झालेल्या पिस्तुलाला पाच ग्रॅम कमी पडले की पन्नास, याने काही फरक पडत नाही.

समायोजनाचे स्क्रू फिरवायला हरकत नाही, पण त्यांची कामे वेगळी आहेत हे ध्यानात घ्या. पहिल्या टप्प्याचे वजन, दुसऱ्या टप्प्याचे वजन आणि ट्रिगर सुटल्यानंतर तो थांबण्याची जागा, या तीन गोष्टी वापरणाऱ्याच्या आहेत. एकूण वजनाचा मोठा भाग पहिल्या टप्प्यात ठेवला, म्हणजे सुमारे सातशे पहिल्यात आणि उरलेले दुसऱ्यात, तर दुसरा टप्पा हलका वाटतो आणि नियमही पाळला जातो. सिअर किती अडकतो, ते ठरवणारा स्क्रू मात्र मी कोणालाही घरी फिरवू देत नाही. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट जोराने पुढे आदळतो आणि तो धक्का सिअरला बसतो. त्याची पकड नखाएवढीच उरली असेल तर त्या धक्क्याने तो निसटतो आणि ट्रिगर न ओढता दुसरी गोळी जाते. व्हिडिओत सिअर घासल्यावर ट्रिगर किती छान सुटतो ते दाखवतात, पुढच्या महिन्यात काय झाले ते दाखवत नाहीत. कापलेल्या स्प्रिंगचेही तेच. कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी त्याची मूळ स्थिती खुणेने टिपून ठेवा, एका वेळी पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक बदलानंतर बाटलीची चाचणी पुन्हा करा.

पण तुमची खरखर स्क्रूने जाणारच नाही, असा माझा अंदाज आहे. पडून राहिलेल्या पिस्तुलातील तेल सुकून चिकट होते आणि त्यात शिसे व बारुदीची धूळ मिसळते. जीएसपीची एक मोठी सोय अशी की तिच्या ट्रिगरची पेटी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे संपूर्ण सुटी निघते. ती काढा, मऊ ब्रशने आणि पुस्तिकेतील द्रावणाने साफ करा, पूर्ण सुकवा आणि जेथे पोलाद पोलादावर सरकते तेवढ्याच जागी पातळ तेलाचा एक थेंब टाका. पेटी उघडून आतले भाग सुटे करू नका. माझ्या पाहण्यातील खरखरीत ट्रिगरपैकी बरेचसे एवढ्यानेच सुधारले आहेत. हे काम जेवणाच्या टेबलावर करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. शिसे डोळ्याला दिसत नाही, पण पोटात जाते.

काडतूस अडकण्याची कारणे बहुधा तीन. .२२ च्या गोळीला बाहेरून मेणाचा लेप असतो. तो आणि शिसे मिळून चेंबरच्या तोंडाशी कडे धरतात. पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंधी लावून नळी साफ करणारे हे कडे विसरतात. दुसरे, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली घट्ट बसलेला मळ. तो लाकडी काडीने काढा, सुईने नको. तिसरे, जुन्या जीएसपीत बोल्टच्या मागे धक्का झेलणारा बफर असतो, तो वयाने कडक होऊन चुरू लागतो, आणि त्याबरोबर रिकॉइल स्प्रिंगही (बोल्ट परत पुढे आणणारी) थकते. पहिली दोन कारणे तुम्ही दूर करा. तिसरे असेल तर गन्समिथकडे उत्पादकाचेच भाग बसवून घ्या. आणि काडतुसे स्टँडर्ड व्हेलॉसिटीचीच वापरा. जलद गतीची काडतुसे या पिस्तुलासाठी नाहीत. ती बफरचा आणि बोल्टचा लवकर भुगा करतात आणि लक्ष्यावर त्यांचा काही फायदाही नाही.

उत्तर: ओहायोकर

मी मूळचा नाशिकचा, बरीच वर्षे ओहायोत आहे आणि येथे बुल्सआय या अमेरिकी टार्गेट नेमबाजीच्या प्रकारात .२२ वापरतो. कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय सामन्यांचे मैदान याच राज्यात असल्याने हा खेळ येथे खूप मुरलेला आहे. दोन्हीकडचा फरक समजावा म्हणून थोडे लिहितो.

ज्या व्हिडिओंचा उल्लेख झाला ते मुख्यतः रुगर कंपनीच्या मार्क मालिकेतील .२२ पिस्तुलांचे असतात. २०१६ मध्ये आलेला मार्क फोर एका बटणाने उघडतो, त्यामुळे घरच्या टेबलावर भाग बदलणे सोपे झाले आणि तयार ट्रिगर, सिअर, हॅमर यांचे संच उघडपणे विकले जातात. येथील बुल्सआय नियमांत .२२ ला किमान दोन पौंड, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅम, ट्रिगर चालतो आणि रेड डॉटसारखी (नेमासाठी प्रकाशाचा लाल बिंदू दाखवणारी) साइट सर्रास वापरतात. तेव्हा त्या व्हिडिओतील पिस्तूल आणि आपल्या जीएसपीला लागू असलेले नियम हे मुळातच वेगळे आहेत. २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रकारांत रेड डॉट अजिबात चालत नाही, हे माहीत असूनही काही जण सरावासाठी ती बसवतात. मला हे पटत नाही. डोळा बिंदूला सरावला की फ्रंट साइटवर नजर ठेवण्याची शिस्त मोडते.

एका मुद्द्यावर मात्र मी सुभेदारसाहेबांशी पूर्ण सहमत नाही. उत्पादकाने बनवलेला तयार भाग, जो काही न घासता जागेवर बसतो, तो पुस्तिका वाचून बसवणे हे धोक्याचे काम आहे असे मला वाटत नाही. येथे हजारो सामान्य नेमबाज ते करतात. धोका घासण्यात आणि कापण्यात आहे. तुमच्याकडे कायदाच आडवा येतो, हा वेगळा विषय झाला आणि तेथे कायदाच पाळायचा. पण तरुणांनी यंत्रणेची भीती बाळगू नये, ती समजून घ्यावी.

आणि एवढे सर्व संच हाताशी असूनही, माझ्या क्लबातील चांगले नेमबाज पैसे प्रथम कशावर खर्च करतात ते पाहिले तर गंमत वाटते: ग्रिप आणि काडतुसांच्या निरनिराळ्या लॉटची (कारखान्यातील खेपांची) चाचणी. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून प्रत्येक लॉटच्या गोळ्या २५ मीटरवर झाडायच्या आणि ज्याचा पुंजका लहान, त्याच्या पेट्या घेऊन ठेवायच्या. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये एकाच पिस्तुलातून दिसणारा फरक कोणत्याही ट्रिगर संचापेक्षा मोठा असू शकतो.

कलम पाच

ओहायोकरांच्या मुद्द्याला एकच जोड. भाग न घासता बसतो की घासून, असा भेद आपल्या कायद्यात केलेला नाही. कलमातील शब्द दुरुस्ती हा आहे. साफसफाई आणि पुस्तिकेतील समायोजन यांना कोणी दुरुस्ती म्हणणार नाही, हे मात्र मीही मानतो.

वेताळटेकडी

ट्रिगरची पेटी साफ केली. खरखर जवळजवळ गेली आणि बाटलीच्या चाचणीत ट्रिगर तिन्ही वेळा टिकला, त्यामुळे स्क्रूला हात लावला नाही. चेंबरच्या तोंडाशी खरोखरच काळे कडे होते. बफर पाहण्यासाठी पिस्तूल गन्समिथकडे नेणार आहे. एक प्रश्न उरतो: नळीखाली पुढे वजन लावावे काय? आणि माझे वय पन्नाशीकडे झुकले असल्याने फ्रंट साइट पूर्वीसारखी रेखीव दिसत नाही, ती जाड करून पाहावी काय?

उत्तर: पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

वजन आत्ता लावू नका. पुढे वजन असले की नळीचे टोक स्थिर वाटते हे खरे, पण मालिकेत पहिल्या गोळीसाठी हात वर येताना तेच वजन टोकाला खाली ओढते, आणि आपली साइट आधीच खाली राहते आहे. ग्रिपचे काम पक्के होऊन साइट आपोआप खाचेच्या मध्यभागी येऊ लागली, की मग हलक्यात हलके वजन लावून पाहा. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्याच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य तीनच सेकंद दिसते. त्या तीन सेकंदांत हात वर येऊन साइट जागेवर बसली पाहिजे. तेथे किती ग्रॅम पुढे आणि किती मागे हे प्रत्येकाच्या खांद्यावर ठरते, दुसऱ्याचा आकडा उसना घेऊन चालत नाही.

फ्रंट साइट जाड करण्याआधी डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचे धूसर होते आणि वाचनाचा चष्मा घालून नेम धरला तर लक्ष्य पार विरघळते. नेमबाजाला हवे असते ते हाताच्या अंतरावर, म्हणजे साधारण मीटरभर दूर असलेले फ्रंट साइट स्पष्ट दिसणे आणि लक्ष्याचा काळा गोल थोडा धूसर, पण ओळखण्याइतका दिसणे. त्यासाठी दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण डायॉप्टर अधिक घालून नेम धरणाऱ्या डोळ्याची काच करून घेतात. नेत्रतज्ज्ञांना भेटताना पिस्तूल नेता येणार नाही, म्हणून डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर घरी कोणाकडून तरी टेपने मोजून घ्या आणि तो आकडा त्यांना सांगा. चाचणीच्या चौकटीत काचा बदलत, त्याच अंतरावर धरलेल्या पेन्सिलीची कड कोणत्या काचेत सर्वांत तीक्ष्ण दिसते ते पाहा. ही काच झाल्यावरही साइट पुसट वाटली, तरच जाड पट्टी मागवा. आणि पट्टी बदलली की ग्रिपवरची चिकटपट्टीची चाचणी एकदा पुन्हा करा, कारण नवी पट्टी जुन्यापेक्षा उंच असेल तर साइटचे चित्र खालीवर होते आणि दोष उगाच ग्रिपवर येतो.